प्रोजेक्ट कोणाचा? कॉलेजचा अभ्यास, एआय आणि आपली आष्टी



आजचा पाठ नेहमीसारखा पुस्तकातला नाही. आपली मुलं दहावी-बारावी करून कॉलेजात जातात, तेव्हा आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो. पण माझ्याकडे अजूनही जुने विद्यार्थी येतात. कुणाला अर्ज लिहून हवा असतो, कुणाला इंग्रजीचा उतारा समजून घ्यायचा असतो. २०२५ च्या दिवाळीआधीच्या एका रविवारी अशीच एक विद्यार्थिनी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने कॉलेजला जाते. हातात स्पायरल बाइंडिंग केलेला प्रोजेक्ट होता.

"सर, फक्त शुद्धलेखन बघून द्या न. मंगळवारी सबमिशन आहे."

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवीलाही फील्ड प्रोजेक्ट असतो, म्हणजे गावात जाऊन, लोकांशी बोलून, पाहून लिहायचा. तिचा विषय होता '१९४२ चा लढा आणि आष्टी'. विषय वाचून मला बरं वाटलं. आपल्या गावाच्या नावापुढे 'शहीद' हा शब्द उगाच लागलेला नाही. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टी आणि आजूबाजूच्या गावांतले लोक पोलीस ठाण्यावर मोर्चा घेऊन गेले. गोळीबार झाला, गावकरी हुतात्मा झाले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तिकडे चंद्रपूर भागातल्या चिमूरलाही उठाव झाला. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभरातून मागणी झाली आणि १९४५ मध्ये फाशी टळली. 'आष्टी-चिमूर' हा जोडशब्द तेव्हा सगळ्या देशाला माहीत होता.

प्रोजेक्ट अठरा पानांचा होता. पहिल्या दोन पानांत शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही. तिथेच मला शंका आली. मी या मुलीला तीन वर्षं मराठी शिकवलं आहे, तिचे ऱ्हस्व-दीर्घ मला पाठ आहेत.

तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की आष्टी हे मराठवाड्यातलं ऐतिहासिक गाव आहे. त्याखाली, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले याच आष्टीत धारातीर्थी पडले आणि तीच प्रेरणा घेऊन १९४२ मध्ये गावकरी लढले, असं दणदणीत वाक्य होतं. मी दोनदा वाचलं. बापू गोखले पडले ते फेब्रुवारी १८१८ मध्ये, सोलापूरकडच्या आष्टीला. मराठवाड्यातली आष्टी बीड जिल्ह्यात आहे, ते तालुक्याचं ठिकाण. गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यात आणखी एक आष्टी आहे. आणि आपली ही वर्धा जिल्ह्यातली. यंत्रानं या सगळ्या आष्ट्यांची एकच भाजी केली होती. पोस्टमन निदान पिनकोड तरी बघतो!

पुढे प्राध्यापक भन्साळींचं उपोषण आष्टीसाठी होतं असं होतं. ते चिमूरच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी होतं. शेवटच्या संदर्भ यादीत पाच पुस्तकं होती. त्यातली दोन मी कधी ऐकली नव्हती. आम्ही शोध शोध शोधली, पण ती कुठेच नव्हती. नाव, लेखक, प्रकाशन, साल, सगळं कसं रीतसर दिलेलं. फक्त पुस्तक नाही.

इथपर्यंत मी हसत होतो. बाराव्या पानावर आलो आणि हसू थांबलं. शीर्षक होतं 'ग्रामस्थांच्या मुलाखती'. एक ८२ वर्षांचे ज्येष्ठ नागरिक, एक गृहिणी, एक युवक. तिघंही अगदी वर्तमानपत्री मराठीत बोलत होते. आजोबा म्हणत होते, तो दिवस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मी तिथेच समासात वजाबाकी केली. २०२५ मध्ये ८२ वर्षांचा माणूस १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मलेलाच नव्हता.

"बेटा, हे आजोबा कोणत्या गल्लीतले?"

ती गप्प.

"तू बोललीस कोणाकोणाशी?"

"कोणाशीच नाही, सर. मुलाखती पाहिजेतच असं म्हटलं होतं कॉलेजात. मग त्यालाच सांगितलं, त्यानं करून दिल्या."

खरं सांगतो, मला राग आला. बापू गोखल्यांची चूक अज्ञानातून झाली, ती दुरुस्त होते. पण ज्या गावात माणसं मेली, त्या गावाच्या नावानं एक साक्षीदार रचायचा आणि त्याच्या तोंडी शब्द घालायचे, हे मला सहन होईना. अशी पानं उद्या कुणी खरी समजून आपल्या लेखात घेतली तर? पन्नास वर्षांनी तीच आष्टीची आठवण म्हणून राहील.

पण राग तिच्यावर काढून उपयोग नव्हता. दिवस कापूस वेचणीचे. सकाळी शेत, मग एसटी, मग कॉलेज, संध्याकाळी घरचं काम. वर्गात सूचना काय होती? "वीस पानांच्या आसपास झालं पाहिजे, मुलाखती पाहिजेत, तारखेच्या आत पाहिजे." माणसांशी बोलायचं कसं, बोललेलं टिपायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मीही नाही.

आणि आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे? एआय यायच्या आधी मुलं काय करत होती ते आपल्याला ठाऊक आहे. गाईड होतं, 'अपेक्षित प्रश्न' होते, झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचे तयार प्रोजेक्ट नाव बदलून मिळत होते. माझ्या बी.एड.च्या पाठ टाचणांच्या फायलीत निम्मी टाचणं एका सीनियरच्या वहीतून उतरवलेली होती. तपासणाऱ्या सरांनाही ते माहीत असावं. त्यांनी सही केली, मीही खाली मान घालून वही उचलली.

यावरून गांधीजींच्या आत्मकथेतला तो शाळेचा प्रसंग आठवतो. राजकोटच्या शाळेत इंग्रज तपासणी अधिकारी आले, पाच शब्द लिहायला दिले. मोहनला 'केटल' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं. शेजारच्याच्या पाटीवरून बघून लिही, असं शिक्षकांनीच बुटाच्या टोकानं खुणावलं. आपण मुलांना हा प्रसंग 'मोहननं नक्कल केली नाही' म्हणून सांगतो. शिक्षकांच्या बैठकीत मात्र तो बुटाच्या बाजूनं सांगायला हवा. कारण तपासणी चांगली व्हावी, निकाल चांगला दिसावा, फाइल पूर्ण असावी, या काळजीपोटी नक्कल करायला आपणच सुचवतो, कधी बोलून, कधी न बोलून.

यंत्र असं का करतं?

मुलीला मी आधी हे समजावलं, कारण ती म्हणाली, "सर, तो खोटं काऊन सांगेल? त्याला तर सगळं माहीत असते."

हे एआय म्हणजे मोठं कपाट नाही, की ज्यात सगळी पुस्तकं ठेवली आहेत आणि हवं ते काढून दिलं. त्यानं अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे शिकून घेतलं आहे. त्यावरून ते वाक्य जुळवतं. ज्या विषयावर जगात भरपूर लिहिलं गेलं आहे, तिथे वाक्यं बहुतेक बरोबर येतात. प्रकाशसंश्लेषण विचारा, फ्रेंच राज्यक्रांती विचारा, चांगलं सांगेल. पण आष्टीबद्दल, तेही मराठीत, इंटरनेटवर आहे किती? थोडंसं. मग उरलेली जागा ते शोभेल अशा शब्दांनी भरतं. लग्नाच्या मांडवात एखादा पाहुणा असतो बघा, ओळख कुणाचीच नाही, पण सगळ्यांशी 'काय म्हणता भाऊ, घरी सगळे बरे न' असं बोलत फिरतो. ऐकणाऱ्याला वाटतं हा जवळचाच कुणी. यंत्राचा आत्मविश्वास तसा असतो. अलीकडे काही यंत्रं इंटरनेटवर शोधून उत्तर देतात, दुवेही देतात. तरी दुवा उघडून वाचल्याशिवाय त्यात खरंच तसं लिहिलंय का, हे कळत नाही.

आणि फसणारी फक्त आपली गरीब बी.ए.ची पोरं नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी एआयनं दिलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयापुढेही २०२५ मध्ये प्राप्तिकराचा असा आदेश आला, ज्यात आधाराला घेतलेले निवाडे मुळात कधी झालेच नव्हते. न्यायालयानं तो आदेश रद्द केला.

टक्केवारीचा आधार आणि त्याच्या मर्यादा

काही सहकारी म्हणतात, सॉफ्टवेअरनं तपासा, विषय संपला. इतकं सोपं नाही ते.

यूजीसीनं २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियम केले. त्यात मजकुराच्या साम्याचे टप्पे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्क्यांत शोधप्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा, चाळीस ते साठमध्ये वर्षभर सादर करायला मनाई, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण हे साम्य म्हणजे आधी कुठेतरी असलेल्या मजकुराशी साम्य. एआयनं जुळवलेलं वाक्य सहसा आधी कुठे नसतं. त्यामुळे या मुलीचा प्रोजेक्ट साम्य तपासणीत बहुधा स्वच्छच निघाला असता. खोट्या आजोबांसकट.

'हे एआयनं लिहिलं का' ते ओळखणारी साधनंही निघाली आहेत. त्यांच्यावर विसंबून मुलांना नापास करू नका, ही माझी कळकळीची विनंती. चॅटजीपीटी ज्या कंपनीनं काढलं, त्याच ओपनएआयनं स्वतःचं असं ओळखणारं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांचे स्वतः लिहिलेले इंग्रजी निबंध या साधनांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा 'यंत्राचे' ठरवले. साधी, ठरावीक वाक्यं दिसली की साधनाला संशय येतो. मराठी माध्यमातून गेलेला आपला मुलगा इंग्रजीत लिहिताना तशीच साधी वाक्यं लिहिणार, दुसरी कुठून आणेल? प्रामाणिक पोराला चोर ठरवणं हे चोर सुटण्यापेक्षा वाईट.

मग काय केलं?

मंगळवार परवावर आला होता. मी तिला म्हटलं, पाने अठराच हवीत असं नाही, पण असतील ती तुझी असू देत. दुपारी आम्ही हुतात्मा स्मारकावर गेलो. तिथून तिच्याच ओळखीच्या एका आजोबांकडे. वय झालेलं, शाळा दुसरी-तिसरीपर्यंत. मी फक्त ओळख करून दिली आणि बाजूला बसलो. आधी ती घाबरली, मग बोलायला लागली. येताना तिनं प्रश्न मात्र एआयकडूनच काढून घेतले होते, दहा. त्यातले चार कामाचे होते, सहा तिनं तिथेच सोडून दिले, कारण आजोबा भलतंच आणि जास्त चांगलं सांगत होते.

बोलता बोलता ते थांबले आणि तिला म्हणाले, "पोरी, हे मी पाह्यलं नाही बरं. माय सांगे मले. तू तसंच लिहजो, 'मायनं सांगितलं' म्हणून. मी पाह्यलं असं नको लिहू."

विद्यापीठात संदर्भ कसा द्यायचा यावर तास-तास व्याख्यानं होतात. या माणसानं ते ओट्यावर बसून दोन वाक्यांत सांगितलं. मी पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, आणि ऐकलं कोणाकडून ते नाव घेऊन सांगायचं.

रात्री तिनं आवाजाची रेकॉर्डिंग ऐकून स्वतः उतरवून काढली. एका साधनात टाकून पाहिली होती, पण आपली वऱ्हाडी त्याला नीट उमगली नाही. 'पाह्यलं'चं भलतंच काही झालं. शिवाय मी तिला विचारलं, आजोबांचा आवाज तू कोणत्या कंपनीच्या हवाली करतेस, ते त्यांना विचारलं होतंस का? हा मुद्दा तिच्या डोक्यात आलाच नव्हता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्याही डोक्यात तो तेव्हाच आला.

इतिहासाच्या भागासाठी वर्धा जिल्ह्याचं गॅझेटियर आणि कॉलेजच्या ग्रंथालयातलं एक पुस्तक, एवढ्यावर भागवलं. एक इंग्रजी परिच्छेद तिला कळेना. तो एआयकडून सोप्या मराठीत समजून घे, असं मीच सांगितलं. यात मला काही वावगं वाटत नाही. रात्री दहाला खेड्यातल्या मुलीला इंग्रजी समजावून सांगणारं कोण आहे? शहरात ट्यूशन असते, घरात शिकलेले आईबाप असतात. ज्याला हे काहीच नाही त्याच्यासाठी हे यंत्र मोठा आधार आहे, आणि सरसकट बंदी घातली तर तो आधार नेमका त्याचाच जातो. समजून घेतल्यावर पुस्तक मिटायचं, मोबाईल उलटा ठेवायचा आणि आपल्या शब्दांत लिहायचं, एवढी अट मी घातली. तिनं लिहिलेलं मराठी पहिल्या दोन पानांसारखं सुंदर नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ नेहमीसारखेच. मला ओळख पटली.

शेवटच्या पानावर तिनं एक निवेदन जोडलं. इतर शिक्षकांना नमुना म्हणून उपयोगी पडेल, तिच्या परवानगीनं देतो:

"या प्रकल्पात मी एआयचा वापर पुढील कामांसाठी केला: मुलाखतीचे सुरुवातीचे प्रश्न काढणे, एका इंग्रजी परिच्छेदाचा अर्थ समजून घेणे, शेवटी शुद्धलेखन तपासणे. मुलाखत मी स्वतः घेतली व स्वतः लिहून काढली. माहिती गॅझेटियर व ग्रंथालयातील पुस्तकातून घेतली आहे. एआयने दिलेली कोणतीही माहिती तपासल्याशिवाय वापरलेली नाही. चुका राहिल्या असल्यास त्या माझ्या आहेत."

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. मी सांगितलं नव्हतं.

प्रोजेक्ट अकरा पानांचा झाला. आता पुढचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल. तिला पंचवीसपैकी सतरा गुण मिळाले. तिच्या मैत्रिणीनं एआयकडून लिहून घेतलेला बावीस पानांचा, रंगीत मुखपृष्ठाचा प्रोजेक्ट दिला, तिला बावीस. निवेदनाचं पान वाचून तिला 'एआय वापरलं हे लिहायची काय गरज होती' असंही कुणीतरी ऐकवलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मग?"

मी काहीतरी बोललो. शिक्षक बोलतात तसं. मला स्वतःलाच ते पटलं नाही.

म्हणून ही विनंती मुलांना नाही, आपल्याला आहे. पानं मोजून गुण देणं बंद करूया. प्रोजेक्ट घेताना मुलाला समोर बसवून पाचच मिनिटं विचारूया: हे कुणाला भेटून कळलं? हे पान कसं सुचलं? यातलं काय चुकीचं असू शकेल असं तुला वाटतं? ज्यानं केलं आहे तो अडखळत का होईना सांगतो. साठ मुलांचा वर्ग असेल तर साठांना जमणार नाही, मान्य. चिठ्ठ्या काढून पंधरांना विचारा, पण ते आधी सांगून ठेवा. विषय असे द्या की जे गावात गेल्याशिवाय लिहिताच येणार नाहीत. 'भारतातील जलसंधारण' असा विषय दिला की यंत्र वीस पानं देईल. 'आपल्या गावातल्या तीन विहिरी, त्यांचं पाणी कधी आटलं' हा विषय त्याला झेपत नाही. अकरावी-बारावीच्या प्रकल्पवहीपासूनच निवेदनाचं पान सक्तीचं करता येईल, आणि खरं निवेदन देणाऱ्याचा गुण कापला जाणार नाही हे वर्गात मोठ्यानं सांगता येईल. मी यंदापासून माझ्या वर्गात ते सुरू केलं आहे. पहिल्या खेपेला निम्म्या मुलांनी 'एआय वापरले नाही' असं लिहिलं, आणि त्यातल्या काहींनी तेही एआयकडूनच लिहून घेतलं होतं. हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या खेपेला थोडं बरं होतं.

पालकांना एवढंच सांगेन. मोबाईल हिसकावून घेऊ नका. जेवताना विचारा, आज काय लिहिलंस, मला सांग बरं. तुमचं शिक्षण किती, याचा इथे संबंध नाही. मुलाला समजलं असेल तर तो तुम्हाला समजेल असं सांगू शकतो. 'ते तुला नाही कळणार, आई' असं म्हणाला, तर बहुतेक वेळा ते त्यालाही कळलेलं नसतं.

त्या आजोबांनी प्रोजेक्टची एक प्रत मागितली होती. तिनं झेरॉक्स काढून नेऊन दिली, नातवानं वाचून दाखवली. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला: एका ठिकाणी 'वडिलांनी सांगितले' असं झालं आहे, तिथे 'आईने' पाहिजे. कॉलेजात प्रत जमा झाली होती, तिथे काही करता आलं नाही. तिनं आजोबांच्या घरी जाऊन त्यांच्या प्रतीवर पेनानं दुरुस्ती केली आणि खाली तारीख घातली.